मोंढ्यासमोरचा मुलतानी

परतूरला शाळेत संगीतशिक्षिका म्हणून लागले तेव्हा माझ्याकडे तीन गोष्टी होत्या: विशारदची पदवी, बटण दाबलं की वाजणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि आपण काहीतरी फार शुद्ध जपून ठेवलंय असा समज. पहिल्या दोन अजून आहेत.

माहेर माझं आष्टीचं, शेतकऱ्याचं. घरात गाण्याचा संबंध भजनापुरता. मी शहरात जाऊन एका गुरुजींकडे नऊ वर्षं शिकले. गुरुजी म्हणजे मोठं प्रस्थ. सकाळी तासभर गुळण्या, मग तासभर घराण्याचा इतिहास, आणि मग वेळ उरलाच तर गाणं. त्यांच्या स्वतःच्या चाळीसेक बंदिशी होत्या. त्या वहीत उतरवायच्या, पण वहीची झेरॉक्स काढायची नाही, आणि परवानगीशिवाय कुणाला शिकवायच्या नाहीत. "ही ठेव आहे," असं ते म्हणायचे. आम्ही शिष्य माना डोलवायचो. ती ठेव पळवायला दाराशी कुणी रांग लावली होती असं काही नव्हतं, पण हे बोलायची कुणाची टाप होती.

त्या चाळीसांतली मला सगळ्यात आवडती बंदिश मुलतानी रागातली. मुलतानी हा दुपार कलताना गायचा राग. त्यात एक तीव्र मध्यम आहे, म्हणजे नेहमीच्या 'म'पेक्षा जरा वर चढलेला, कानाला टोचणारा सूर. बंदिशीत एक बाई आहे. दिवस कलला आहे आणि तिचा पिया आलेला नाही. आमच्या घराण्याच्या एकाही बंदिशीत पिया वेळेवर येत नाही.

परतूरला मी ज्या गल्लीत खोल्या भाड्यानं घेतल्या, तिथं समोरच एका बँडपार्टीचा गाळा होता. मी घर बघायला गेले ती नेमकी लग्नसराई संपल्यावर, आणि गाळा बंद होता. घरमालकांनी तो 'गोडाऊन' म्हणून दाखवला. लग्नसराई सुरू झाल्यावर गोडाऊनमधून ढोल वाजायला लागले. पण तोवर माझं सामान लागलं होतं आणि नवऱ्याची पाठ धरली होती, म्हणून राहिलो.

बँडचे मास्तर तेव्हा साठीच्या आसपास. बारीक अंगाचे, पान खाणारे, घरात उर्दू आणि गल्लीत मराठी बोलणारे. क्लॅरोनेट वाजवायचे. वडीलही तेच वाजवायचे. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो आणि ते मला मॅडम. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं "मॅडम, उद्या सकाळी वरात हाये, जरा आवाज होईल" आणि "बरं" एवढंच होतं. मनातून मी त्यांना संगीतातला माणूस मानतच नव्हते. मी गायिका, ते वाजवणारे. मधे गल्ली.

रोज शाळेतून आले की चार ते पाच मी रियाजाला बसायची. उन्हाळ्यात परतूरला खिडकी बंद करून बसणं म्हणजे स्वतःला वाफवून घेणं, त्यामुळे खिडकी सताड उघडी. समोर गाळ्याच्या पायरीवर मास्तर क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती घासत बसलेले असायचे. ते ऐकतात हे मला कधी जाणवलं नाही. बँडवाला मुलतानी कशाला ऐकेल, असंच मी धरून चालले होते.

एका मे महिन्याच्या शेवटी, शाळेच्या उन्हाळी शिबिरात, मी मुलींना म्हटलं, तुम्हाला येतं ते कुठलंही गाणं म्हणा. चौदा मुली होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि चौदाजणींनी एकदम एकच गाणं सुरू केलं. कपाशीचं बी घ्या, तुरीचं बी घ्या, पावती मागून घ्या, असं काहीतरी. शेवटी तीनदा 'मोंढ्यासमोर, मोंढ्यासमोर, मोंढ्यासमोर' म्हणून तिसऱ्या 'मोंढ्यासमोर'वर धाडकन थांबायचं. मोंढा म्हणजे आमच्याकडची धान्याची बाजारपेठ.

"हे कुठलं गाणं?" मी विचारलं.

"बियाण्याच्या दुकानाचं, मॅडम. ऑटोवर वाजतंय की रोज."

चाल गोड होती. कुठंतरी ऐकल्यासारखी वाटली, पण लग्नसराईत गल्लीत राहणाऱ्या माणसाला जगातली प्रत्येक चाल ऐकल्यासारखी वाटते. संध्याकाळी भोंगा लावलेला ऑटो घरासमोरून गेला. क्लॅरोनेट, ढोलकी आणि एका बाईचा खणखणीत आवाज. मी भाजी चिरत होते. अंतऱ्यात, म्हणजे गाण्याच्या दुसऱ्या भागात, वरच्या 'सा'वरून खाली येताना त्या बाईनं एक गंमत केली होती: मधे किंचित तोडून, उचकी लागल्यासारखं करून पुढचा सूर घेतला होता. ती उचकी ऐकली आणि माझ्या हातातली सुरी थांबली. ती माझी बंदिश होती.

तीव्र मध्यम काढून साधा केला होता. कोमल रिषभ आणि कोमल धैवत उचलून शुद्ध केले होते, निषाद खाली आणला होता. सोळा मात्रांचा संथ तीनताल सोडून आठ मात्रांचा पळता केरवा लावला होता. पण वळणं सगळी तीच. मुलतानीच्या अंगातले टोचणारे सूर काढून घेतले की भीमपलास उरतो. तसा तो उरला होता आणि कपाशीचं बी विकत होता.

मी तशीच गाळ्यात गेले. मास्तर जुन्या लाल कोटांची बटणं बघत बसले होते.

"मास्तर, ही बियाण्याची चाल तुम्ही केली?"

"जी मॅडम. आवडली का?"

"ही माझ्या गुरुजींची बंदिश आहे."

"हां, म्हंजे तुमीच गाता ती." त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काहीच नव्हतं. उलट मी ओळखली म्हणून खूश झाले. "तीन महिने ऐकून राह्यलो. लई पक्की चीज हाये. शेठ म्हणले, चाल अशी पाह्यजे की ऐकणाऱ्याच्या डोक्यातून जायला न्हाई पाह्यजे. म्हणलं, माझ्या डोक्यातून जी जाईना तीच घ्यावी."

"पण विचारायचं तरी."

"तुमाला?" त्यांनी खरोखर विचार केला. "मॅडम, तुमी रोज खिडकी उघडून जाहीर गाऊन राह्यला. मला वाटलं, सगळ्यांसाठीच हाये."

मी ठेव, घराणं, परवानगी असं बरंच बोलले. ते शांतपणे ऐकत होते, पान चघळत. मग म्हणाले, "मंग बंद करू का?" पण बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं. दुकानाचे शेठ म्हणाले, "मॅडम, पेरणी तोंडावर आली. आता चाल बदलली तर लोकांना वाटंल दुकान बदललं." घनसावंगीपर्यंत लोक दुकानात शिरताना ती चाल गुणगुणत येत होते म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते गिळलं असतं. पण आमच्या गावात एक संगीत मंडळ आहे. दोन डॉक्टर, एक निवृत्त तहसीलदार, चार शिक्षक, आणि शिक्षकांतली मी सचिव. वर्षातून एकदा आम्ही शहरातला कलाकार बोलावतो, त्याला शाल आणि नारळ देतो आणि चुकीच्या जागी वाहवा म्हणतो. त्या वर्षीचा कलाकार मीच सुचवला होता. गुरुजी. जूनचा पहिला रविवार, संध्याकाळी पाच वाजता, मंगल कार्यालयात. पाचची वेळ त्यांनीच मागून घेतली होती, कारण त्यांना मुलतानी गायचा होता.

मी शेठकडे परत गेले. म्हटलं, फक्त एक दिवस. रविवारी ऑटो परतुरात फिरवू नका. शेठ भला माणूस. "बराबर," म्हणाले. "रविवारी ऑटो आष्टीला पाठवतो. तिकडं बाजार धरंल." मी त्या ऑटोवाल्यालाही भेटले आणि त्याला चहा पाजून संध्याकाळी सातच्या आत परतू नको असं बजावलं. सात वेळा मान हलवली त्यानं.

रविवारी सकाळी गुरुजी रेल्वेनं आले. सिल्कचा झब्बा, गळ्याला उन्हाळ्यातही मफलर. त्यांचा तबलजी दुपारच्या गाडीनं येणार होता. मी त्यांना दुसऱ्या ऑटोत बसवून निघाले आणि रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी येत होती. आमच्या पुढं एक खताचा ट्रॅक्टर, मागं दोन मोटरसायकली. तेवढ्यात उजव्या बाजूनं अजून एक ऑटो येऊन आमच्या ऑटोला खेटून उभा राहिला. टपावर भोंगा. आष्टीला डिझेलचा घोळ झाला म्हणून परत आल्तो, असं त्यानं मला नंतर सांगितलं. मला बघून तो ओळखीचं हसला, आणि मॅडम आल्यात म्हणून त्यानं आवाज वाढवला.

मालगाडी परतूरच्या फाटकातून किती वेळ जाते हे मी कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी जाहिरात पाच वेळा वाजून झाली.

पहिल्यांदा वाजली तेव्हा गुरुजी मफलर नीट करत होते. दुसऱ्यांदा त्यांचा हात थांबला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. चौथ्यांदा त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजायला लागली, आणि तिसऱ्या 'मोंढ्यासमोर'ला त्यांचा तळवा गुडघ्यावर बरोबर पडला. समेवर. पाचव्यांदा संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मध्यम शुद्ध केलाय," ते म्हणाले.

"हो का?" मी म्हणाले.

"अगं, हो का काय. तुला कळलं नाही?"

"जाहिरात आहे गुरुजी. कुणीतरी केली असेल."

"या कुणीतरीला मला भेटायचंय. आत्ता."

मी म्हटलं आधी चहा घेऊ, आंघोळ करा, आराम करा. ते ऑटोवाल्याच्या खांद्यावर टकटक करून म्हणाले, "ही जाहिरात कुणी केली, माहीत आहे का तुम्हाला?" परतुरात हा प्रश्न म्हणजे कोतवाली कुठे आहे विचारण्यासारखा. ऑटो सरळ आमच्या गल्लीत आला.

गाळ्यात पंखा बंद होता. भिंतीला ढोल टांगलेले, खुंट्यांवर सोनेरी गोंड्यांचे कोट, कोपऱ्यात फुटलेला बेंजो. मास्तरांसोबत त्यांचे दोन वादक बसले होते. गुरुजी आत शिरले आणि बसायला जागा शोधू लागले. मास्तरांनी एक मोठा ढोल आडवा करून त्यावर सतरंजी टाकली. माझे गुरुजी, चाळीस बंदिशींचे धनी, ढोलावर बसले.

"ती चाल कुठून घेतली?"

"मॅडमच्या खिडकीतून," मास्तरांनी सांगितलं. आढेवेढे नाहीत, काही नाही.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलंच नाही. "कुणाकडे शिकलात?"

"वडिलांकडं. ते कुणाकडं शिकले, त्यांनाबी ठावं नव्हतं. जुन्या जमान्यातलं ऐकून ऐकून धरलेलं." मग मास्तर उत्साहानं सांगायला लागले. त्यांच्याकडे राग होते, पण आमची नावं नव्हती. एकाचं नाव 'दुपारचं', एकाचं 'पंगतीचं', एकाचं 'नवरी निघतानाचं'. कोमल रिषभाला ते रडका 'रे' म्हणत आणि शुद्धाला हसता. नऊ वर्षांत मला जे थाट पाठ करून कळले नव्हते ते त्यांच्या दोन शब्दांत बसले होते. तेव्हा मात्र मला हे बिलकुल कौतुकाचं वाटलं नाही. मला जमिनीत जायचं होतं.

"मूळ चीज येते का वाजवता?" गुरुजींनी विचारलं.

मास्तरांनी पान थुंकलं, चूळ भरली आणि क्लॅरोनेट उचललं. त्यांनी मुलतानी वाजवला. खराखुरा, तीव्र मध्यमाचा, रडक्या 'रे'चा. ती बंदिश पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. गल्लीतून जाणारा एक भंगारवाला गाडी थांबवून उभा राहिला.

"मग जाहिरातीत का बदललंत?" गुरुजींचा आवाज खाली आला होता. "सूर तर येतोय तुम्हाला."

"साहेब, तो वरचा 'म' हाये ना, तो ऐकला की मानूस थांबतो. इचारात पडतो. इचारात पडलेला मानूस बी घेत न्हाई."

गुरुजी हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी कपाळाला आठी घातली. "आणि अंतऱ्यातली ती जागा? वरच्या षड्जावरून उतरताना मधे तोडता ती? मी अशी केलेली नाही."

"ती मॅडमची हाये," मास्तर म्हणाले. "मला लई आवडली. मुद्दाम केलेली जागा वाटली. आमच्या गाणाऱ्या बाईला बसवायला चार दिवस लागले."

गाळ्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले, भंगारवाल्यासकट.

खरं असं होतं की ती जागा एका श्वासात मींड घेऊन, सूर न तोडता घसरत, उतरायची असते. मला तो श्वास पुरायचा नाही. मग मी मधे चोरून श्वास घ्यायची आणि पुढचा सूर जरा धक्क्यानं पकडायची. खिडकीबाहेर कोण बसलंय ऐकायला, असं मला वाटायचं. मास्तरांनी माझी प्रत्येक मींड, प्रत्येक हरकत आणि प्रत्येक चूक इमानदारीनं उचलली होती. माझा अपुरा श्वास आता भोंग्यावरून तालुकाभर फिरत होता, आणि शाळेच्या चौदा मुली तो अचूक काढत होत्या.

"गा," गुरुजी मला म्हणाले.

"इथं?"

"इथूनच गेलंय ना बाहेर? गा."

मी गायले. श्वास तुटला. पुन्हा गायले. पुन्हा तुटला. अर्धा तास गुरुजींनी त्या ढोलावर बसून माझी ती एक ओळ घोटून घेतली. तिसऱ्या वेळेला मास्तरांनी क्लॅरोनेटवर ती जागा सरळ, सलग, एका फुंकरीत काढली. गुरुजी म्हणाले, "हां, अशी." मी नऊ वर्षांची शिष्या. मास्तरांना गुरुजी भेटून जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि समोर बँडचा एक वादक मला धीर द्यावा म्हणून मान डोलवत होता, त्यानं तर अजूनच.

जेवताना नवऱ्यानं दोनदा शेवग्याच्या आमटीचा विषय काढला, दोनदा तो तिथंच पडला.

पाचला कार्यक्रम सुरू झाला. दीडेकशे माणूस. एवढी गर्दी आमच्या मंडळानं कधी बघितली नव्हती. नंतर कळलं की शेठनं आपल्या गिऱ्हाइकांना 'आपल्या जाहिरातीचं मूळ गाणं हाये' असं सांगून ठेवलं होतं. पुढच्या रांगेत डॉक्टर आणि तहसीलदार, त्यांच्यामागं फेटेवाले, टोपीवाले, बायाबापड्या. सगळ्यात मागं मास्तर, पांढऱ्या शेरवानीत, इस्त्री केलेले.

गुरुजींनी आलापी सुरू केली. वीस मिनिटं लोक सोसत बसले. तहसीलदारांनी दोनदा वाहवा म्हटलं, दोन्ही वेळा गुरुजी खाकरत असताना. मग तबला सुरू झाला आणि बंदिशीचा मुखडा आला.

हॉलमधे एक सळसळ गेली. कुणीतरी बायकांत खुसखुसलं. एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "हे आपलं बियाचं." लोक पुढं सरकून बसले. मी तानपुऱ्यावर बसले होते, तिथून मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. त्यांना ओळीच्या आधी ओळ कळत होती. तीव्र मध्यमावर मात्र ते दर वेळी दचकायचे, जणू ओळखीच्या माणसानं एकदम अनोळखी भाषा बोलावी. अंतरा आला. गुरुजी वरच्या 'सा'वरून सलग, रेशमासारखे खाली आले. तेव्हा मागून एक बाई हळहळून म्हणाली, "उचकी न्हाई घेतली."

मग गुरुजींनी तिहाई घेतली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, जिच्यावर मास्तरांनी दुकानाचा तो पत्ता बसवला होता. पहिल्या तुकड्याला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याला पन्नासेक ओठ हलले. तिसऱ्याला अख्खा हॉल समेवर आला: "मोंढ्यासमोर."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मी तानपुऱ्याच्या तारांकडे बघत राहिले. गुरुजी थांबले. तबलजीनं ठेका चालू ठेवला, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. तो दुपारच्या गाडीनं आला होता. गुरुजींनी दोन आवर्तनं जाऊ दिली, एक घोट पाणी प्यायले आणि पुढं गायला लागले. चेहरा दगड. पण नेहमी तासभर चालणारा मुलतानी त्यांनी अर्ध्या तासात आवरला. तिहाई परत घेतली नाही.

शाल, नारळ, आभार झाले. बाहेर चहा घेताना मी त्यांच्याजवळ गेले आणि माफी मागायला तोंड उघडलं.

"तीस वर्षं ही बंदिश गातोय," ते कपात बघत म्हणाले. "आज पहिल्यांदा समोरच्यांना पुढची ओळ माहीत होती." मग कप माझ्या हातात दिला. "पाणचट चहा आहे. आणि खिडकी बंद करायला शिक."

त्यानंतर वर्षभर त्यांनी मला नवीन काही शिकवलं नाही. मी खिडकी बंद केली नाही. मला रागही होता आणि उकडतही होतं.

राग मास्तरांवरही होता, पण तो टिकला नाही. पाऊसकाळात बँडला काम नसतं. ते पायरीवर बसायचे आणि माझी जागा चुकली की क्लॅरोनेटवर ती बरोबर करून ऐकवायचे. त्या चिडीनंच माझा श्वास लांबला. दोनेक महिन्यांनी मी ती ओळ सलग गायले तेव्हा समोरून आवाज आला, "बराबर." मी त्यांना चहाला बोलावलं. त्या चहाच्या वेळी आम्ही शाळेच्या स्वागतगीताला चाल लावली. मी यमन काढला होता, मुलींना झेपत नव्हता. त्यांनी त्यातले दोन सूर इकडचे तिकडे केले आणि मुली गायला लागल्या. मी म्हटलं, हा आता यमन राहिला नाही. ते म्हणाले, "मंग काय राह्यला?" मुली सुरात होत्या.

अशा चाली आम्ही बऱ्याच केल्या. वरातीच्या, शाळेच्या, एक सरपंचपदाच्या प्रचाराची. उमेदवार पडला, चाल राहिली.

तीन वर्षांनी शहरातल्या एका गुरुबंधूनं मला मोबाइलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. गुरुजींची मैफल. मुलतानी संपल्यावर ते म्हणत होते, "आता मराठवाड्यातली एक जुनी पारंपरिक लोकधून." आणि गायला लागले. भीमपलास, केरवा, तीच वळणं, हिंदी शब्द. आणि अंतऱ्यात, वरच्या 'सा'वरून उतरताना, मधे तोडून, उचकी. टाळ्या पडल्या होत्या.

मी गाळ्यात जाऊन मास्तरांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं.

"जुनी म्हंजे किती जुनी?"

"तीन वर्षं."

"पारंपरिक म्हंजे?"

"म्हणजे करणारा माहीत नाही अशी."

त्यांनी मोबाइल मला परत दिला. "बरं हाये," म्हणाले. "करणारा मेलेला आसला की इज्जत जास्त भेटती."

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. मी गुरुजींना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. म्हटलं, तुमची वही आम्ही झेरॉक्स करायची नाही, आणि त्यांची चाल तुम्ही लोकधून म्हणून गाता. मग ते म्हणाले, "उचकी तुझी होती. तीही घेतली, ते तू बोललीच नाहीस." आणि फोन ठेवला.

पुढच्या मैफलीत त्यांनी मास्तरांचं नाव जाहीर घेतलं. आडनाव चुकवलं, पण घेतलं. मास्तरांनी ते रेकॉर्डिंग आपल्या मुलीला, जावयाला, व्याह्याला आणि शेठला पाठवलं. गंडा बांधायला या असा गुरुजींनी निरोपही धाडला होता, म्हणजे रीतसर शिष्य व्हायला. मास्तर म्हणाले, "सांगा त्यांना, आता काय शिकून राह्यलो मी या वयात. पण आले तर ढोल हाये बसायला."

गेल्या वर्षी आष्टीच्या बायकांच्या भजनी मंडळानं आमच्याकडून एक चाल मागून नेली. आम्ही दोघांनी ती आठ दिवस खपून केली होती. मधे एक जागा अशी होती की तिच्यावर माझा फार जीव. महिन्याभरानं आम्ही दोघं सकाळच्या बसनं आष्टीला ऐकायला गेलो. देवळाच्या ओसरीत बारा बाया टाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गाणं सुरू केलं. माझी ती जागा आलीच नाही. तिथं त्या सरळ दोन सुरांत उतरल्या, आणि खाली त्यांनी स्वतःचा एक घुमारा, म्हणजे लांब घुमणारी लकेर, जोडला होता, टाळांसकट.

मी मंडळाच्या मुख्य बाईंना विचारलं, "मावशी, ती मधली जागा काढून टाकली का?"

"ती व्हय," त्या म्हणाल्या. "ती लई हळहळती, बाई. देवाला कशाला एवढं." आणि त्यांनी मला गूळ-शेंगदाण्याची वाटी पुढं केली.

मी रुसून शेंगदाणे खात बसले. मास्तर खांबाला टेकून, डोळे मिटून, तो नवा घुमारा ओठांतल्या ओठांत पाठ करत होते. परतीच्या बसमधे त्यांनी मला तो तीनदा म्हणून दाखवला. तिसऱ्यांदा मलाही तो बरा वाटायला लागला, पण मी तसं त्यांना सांगितलं नाही.